ॲन आर्बरचा जागर

२४ मार्च १९६५च्या रात्री मिशिगन विद्यापीठातल्या मुलींना एक सवलत मिळाली. एरवी वसतिगृहातल्या मुलींनी ठरलेल्या वेळेच्या आत परत यायचं, असा शिरस्ता होता. मुलग्यांना अशी अट नव्हती. ते कधी येतात, कधी जातात, याची नोंद ठेवायची गरज कुणाला वाटत नव्हती. त्या एका रात्रीपुरती मात्र मुलींनाही सकाळपर्यंत बाहेर राहायची परवानगी होती. कारण त्या नाचायला किंवा सिनेमाला जाणार नव्हत्या, वर्गात बसणार होत्या. वर्ग रात्री आठला सुरू होऊन सकाळी आठला सुटायचा होता आणि विषय होता व्हिएतनाम.

आपल्याकडे रात्र जागवायची ती देवीच्या गोंधळासाठी, नाहीतर एकादशीच्या भजनासाठी. ॲन आर्बरच्या प्राध्यापकांनी ती जागवली आपल्या सरकारच्या युद्धावर वाद घालण्यासाठी. या प्रकाराला त्यांनी ‘टीच-इन’ असं नाव दिलं. शब्द नवा होता, पण त्याचं मूळ पाच वर्षं जुनं होतं. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात शिरले आणि फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. त्यांनी कॉफी मागितली. ती मिळाली नाही, तरी दुकान बंद होईपर्यंत ते उठले नाहीत. या बसून राहण्याला ‘सिट-इन’ म्हणू लागले आणि थोड्याच दिवसांत दक्षिणेतल्या गावोगावी तरुण मुलं तसंच बसू लागली. त्या बसण्यावरून हे शिकवणं निघालं.

ॲन आर्बर हे डेट्रॉइटच्या पश्चिमेला, मोटारीने तासाभराच्या आतलं गाव. विद्यापीठ हाच गावाचा प्राण. राजकारण या गावाला नवीन नव्हतं, आणि रात्रीचं राजकारण तर मुळीच नव्हतं. १४ ऑक्टोबर १९६० रोजी निवडणुकीच्या दौऱ्यावर असलेले जॉन केनेडी पहाटे दोनच्या सुमाराला इथं पोचले. हजारो विद्यार्थी ताटकळत उभे होते. मिशिगन युनियनच्या पायऱ्यांवरून केनेडींनी त्यांना विचारलं की, तुमच्यापैकी किती जण परक्या देशात जाऊन काम करायला तयार आहेत? भाषण काही मिनिटांचंच, पण ‘पीस कोअर’ ही योजना तिथून पुढे सरकली असं मानलं जातं. त्या पायऱ्यांवर आज त्याची खूण आहे. याच विद्यापीठाच्या ‘मिशिगन डेली’ या विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा माजी संपादक टॉम हेडन याने १९६२मध्ये पोर्ट ह्युरॉनच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला आणि अमेरिकेतल्या नव्या डाव्या विद्यार्थी चळवळीला त्यातून भाषा मिळाली. पुढे २२ मे १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन पदवीदान समारंभाला आले आणि विद्यापीठाच्या अवाढव्य स्टेडियममध्ये त्यांनी गरिबी आणि वर्णभेद संपवणाऱ्या ‘ग्रेट सोसायटी’चं स्वप्न मांडलं.

दहा महिन्यांनंतरच्या त्या रात्रीच्या रोषाला या भाषणाची पार्श्वभूमी होती. १९६४ची निवडणूक जॉन्सन यांनी, आशियातली लढाई आशियातल्या मुलांनी लढावी, तिथं अमेरिकन मुलं पाठवायची नाहीत, असं सांगत प्रचंड मताधिक्याने जिंकली होती. आता चिडलेल्या प्राध्यापकांपैकी बरेच जण तेव्हा त्यांच्याच बाजूचे होते. फेब्रुवारी १९६५मध्ये दक्षिण व्हिएतनाममधल्या प्लेइकू इथल्या अमेरिकी तळावर हल्ला झाला. २ मार्चला उत्तर व्हिएतनामवर ‘रोलिंग थंडर’ नावाची सलग बाँबफेक सुरू झाली आणि ८ मार्चला ३,५०० मरीन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. मत देताना जे नको म्हणून दिलं, तेच पदरात पडलं होतं. फसवले गेल्याची ही भावना सगळ्यांत जास्त होती ती मवाळ, उदारमतवादी, सभ्य प्राध्यापकांत. डाव्यांना जॉन्सनकडून फार अपेक्षा नव्हतीच.

विद्यापीठाची स्वतःची अशी एक अडचणही होती. सक्तीच्या लष्करभरतीच्या नियमानुसार महाविद्यालयात नाव असेल तोवर मुलाची भरती पुढे ढकलली जाई. म्हणजे वर्गात बसलेला मुलगा त्या घटकेपुरता सुरक्षित होता आणि शिक्षणाचा खर्च न झेपल्यामुळे वर्गाबाहेर राहिलेला त्याच वयाचा दुसरा मुलगा दा नांगच्या वाटेवर होता. युद्धाबद्दल वर्गात अवाक्षर न काढता संख्याशास्त्र किंवा मानवशास्त्र शिकवत राहणं हीसुद्धा एक बाजू घेणंच आहे, असं काही शिक्षकांना वाटू लागलं होतं.

समाजशास्त्राचे तरुण प्राध्यापक विल्यम गॅमसन यांच्या घरी मार्चमध्ये काही सहकारी जमले. गॅमसन स्वतः समानतेच्या चळवळीत मुरलेले. ठरलं असं की, २४ मार्चला नेहमीचे वर्ग घ्यायचे नाहीत. त्याऐवजी दिवसभर व्हिएतनामवर बोलायचं. सुमारे ५० जणांनी सह्या केल्या, आणि गहजब झाला. करदात्यांच्या पैशातून पगार घेणारे मास्तर काम बंद ठेवतात म्हणजे काय? राज्याच्या सिनेटने निषेधाचा ठराव केला. गव्हर्नर जॉर्ज रॉम्नी यांनी कान उपटले. विद्यापीठाचे अध्यक्ष हार्लन हॅचर यांना हा प्रकार मान्य नव्हता, आणि युद्धाला विरोध असलेल्या अनेक प्राध्यापकांनाही संप म्हटल्यावर बिचकायला झालं. गंमत अशी की वादाचा विषय युद्ध हा राहिलाच नाही. प्राध्यापकाने तास बुडवावा की नाही, यावरच सगळे हमरीतुमरीवर आले.

यातून वाट काढली ती मार्शल सालिन्स या मानवशास्त्रज्ञाने. पुढे पॉलिनेशियातल्या आणि इतर बेटांवरच्या समाजांविषयीच्या लिखाणामुळे सालिन्स जगभर गाजले. तेव्हा ते पस्तिशीच्या आत-बाहेर होते. मध्यरात्र उलटून गेलेल्या एका बैठकीत त्यांनी मुद्दा मांडला तो साधारण असा : आपण कामचुकार आहोत असं ते म्हणतायत ना? मग आपण काम कमी करायचं नाही, वाढवायचं. दिवसाचे सगळे तास नेहमीसारखे घ्यायचे आणि वर रात्रभर शिकवायचं.

काहींना ही सरळसरळ माघार वाटली. संपाची धार गेली, प्रशासनाला सुटल्यासारखं झालं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण ही माघार इतकी चतुर होती की तिच्यामुळे विरोधकांचे हात बांधले गेले. जास्तीचं शिकवणाऱ्या मास्तरावर कारवाई कोणत्या कलमाखाली करायची? विद्यापीठाने सभागृहं दिली, मुलींच्या वसतिगृहांचे नियम शिथिल केले. पन्नास सह्या होत्या तिथं दोनशेच्या वर झाल्या.

ती रात्र एंजल हॉलमध्ये रंगली. या इमारतीतली मोठमोठी व्याख्यानगृहं एरवी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या गर्दीसाठी वापरत. आयोजकांच्या हिशेबात काहीशे लोक यायचे होते. आले तीन हजारांवर. मुलं जमिनीवर, पायऱ्यांवर, खिडक्यांत बसली. बोलणाऱ्यांत रॉबर्ट ब्राऊन होते. हे काळे अर्थतज्ज्ञ अमेरिकेच्या मदत मोहिमेत कंबोडिया आणि व्हिएतनाममध्ये काही वर्षं काम करून आलेले, त्यामुळे तिथल्या खेड्यांविषयी ते पाहिलेलं सांगत होते. वॉशिंग्टनहून संशोधक आर्थर वास्को आले होते. विद्यापीठातले अनातोल रॅपोपोर्ट होते. रशियन साम्राज्यात जन्मलेला हा गणितज्ञ तरुणपणी पियानोवादक म्हणून मैफली करायचा. संघर्षाचं गणित मांडणं हा त्याचा ध्यास होता, आणि पुढे एका स्पर्धेत ‘जशास तसं’ वागणाऱ्या त्याच्या छोट्याशा संगणकीय आज्ञावलीने मोठमोठ्यांच्या आज्ञावल्यांना हरवलं. क्वेकर पंथाचे अर्थतज्ज्ञ केनेथ बोल्डिंग होते. युद्ध टाळण्याचं शास्त्र असू शकतं, या हट्टापायी बोल्डिंग, रॅपोपोर्ट आणि इतरांनी या विद्यापीठात आधीच एक नियतकालिक आणि एक संशोधन केंद्र चालवलं होतं. म्हणजे ही रात्र काही आकाशातून पडली नव्हती.

विरोधकही आले होते. जॉन्सनच्या धोरणाला पाठिंबा देणारे फलक घेऊन मुलांचा एक घोळका बाहेर उभा होता. त्यांतले काही आत येऊन वाद घालत बसले. मग बाँब ठेवल्याचा निरोप आला. पोलिसांनी सभागृहं रिकामी केली आणि हजारो माणसं मिशिगनच्या मार्चमधल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत बाहेर आली. घरी जायला याहून चांगलं निमित्त कुठलं? पण बहुतेक जण गेले नाहीत. विद्यापीठाच्या मधल्या मोकळ्या चौकात, ज्याला तिथं सगळे ‘डायग’ म्हणतात, तिथं उभ्याउभ्याच सभा झाली. झडती संपल्यावर पुन्हा सगळे आत गेले.

खरा वर्ग भरला तो मध्यरात्रीनंतर. लांबलचक भाषणं झाली होती, आता छोट्या छोट्या गटांत खोल्याखोल्यांतून चर्चा सुरू झाल्या. जिनिव्हा करारात नेमकं काय लिहिलंय? व्हिएतकाँग म्हणजे उत्तरेकडून आलेले की दक्षिणेतलेच शेतकरी? कम्युनिस्टांना सोडून दिलं तर पुढे काय? उत्तर देणारा प्राध्यापक दर वेळी तज्ज्ञ असेच असं नाही. पुष्कळांनी व्हिएतनामचा इतिहास त्या आठवड्यातच वाचून काढला होता, आणि तसं ते कबूलही करत होते. आपल्याकडची व्याख्यानमाला डोळ्यांसमोर आणली तर फरक कळतो. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून आपला रिवाज ठरलेला : पाहुण्यांचा परिचय, भाषण, अध्यक्षीय समारोप, आभार, आणि घड्याळाकडे बघत दोन प्रश्न. ॲन आर्बरला आभारप्रदर्शनाची वेळच आली नाही. रात्री तीन वाजता इतिहासाच्या मास्तराला रसायनशास्त्राची विद्यार्थिनी अडवते आणि दोघेही कागदी पेल्यातली गार कॉफी घेऊन पुन्हा पहिल्या मुद्द्यावर येतात, असा तो मामला होता. सकाळी आठ वाजता काहीशे माणसं उरली होती. त्यांतली बरीचशी तिथूनच नेहमीच्या तासांना गेली.

ही चर्चा निष्पक्ष होती का? नव्हती. व्यासपीठावरचे जवळजवळ सगळे वक्ते युद्धाच्या विरोधातले होते, आणि टीकाकारांनी तेव्हाच तसं बजावलं. शिकवणं आणि प्रचार यांतली रेघ या लोकांनी पुसली, हा आक्षेप आजही निकालात निघालेला नाही. आयोजकांचं उत्तर असं होतं की, सरकारची बाजू रोज सकाळी वर्तमानपत्रातून आणि संध्याकाळी दूरचित्रवाणीवरून घरोघर पोचतेच. तिला एका रात्रीची रजा दिली तर तोल बिघडत नाही. उत्तर चटपटीत आहे, पण पुरेसं नाही. प्रतिपक्ष व्यासपीठावर नसताना मिळवलेली सहमती स्वस्त असते, आणि पुढल्या दोन महिन्यांत हे आयोजकांच्याही ध्यानात आलं.

दरम्यान वणवा पसरला होता. दोनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टीच-इन झालं. वसंताची सत्र-परीक्षा होईपर्यंत देशभरातल्या शंभरएक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत हा प्रकार होऊन गेला. परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी शिकलेल्या माणसांच्या भोळेपणाबद्दल जाहीरपणे नवल केलं. सरकारने मग आपली बाजू मांडायला अधिकाऱ्यांचं एक पथक मिडवेस्टच्या विद्यापीठांत पाठवलं. ते जिथं गेलं तिथं मुलांनी त्यांना प्रश्नांनी आणि हुर्योने हैराण केलं. ज्या सरकारला काही महिन्यांपूर्वी विद्यापीठांना उत्तर द्यायची गरज भासत नव्हती, त्याला निदान माणसं पाठवावी लागली.

मग ठरली राष्ट्रीय पातळीवरची झुंज. १५ मे १९६५, वॉशिंग्टनचं एक मोठं हॉटेल, आणि या वेळी दोन्ही पक्ष. सरकारच्या बाजूने राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यायचे होते. बंडी हे हार्वर्डच्या विद्याशाखांचे अधिष्ठाता राहिलेले. म्हणजे मास्तरांची मास्तराशीच गाठ. शंभराहून जास्त विद्यापीठांत रेडिओच्या तारा जोडल्या गेल्या, सभागृहांतून मुलं कान देऊन बसली. आणि बंडी आलेच नाहीत. एप्रिलअखेरीला अमेरिकी सैन्य डॉमिनिकन प्रजासत्ताकात उतरलं होतं. त्या भानगडीसाठी राष्ट्राध्यक्षांनी त्यांना तिकडे धाडलं होतं. त्यांचा निरोप तेवढा वाचून दाखवण्यात आला. त्यांची जागा बर्कलेच्या रॉबर्ट स्कॅलापिनो यांनी चालवली, समोर कॉर्नेलचे जॉर्ज केहिन होते, आणि चर्चा सभ्य, माहितीपूर्ण आणि लांब झाली. बंडींनी पुढे २१ जूनला हान्स मॉर्गेंथाऊ यांच्याशी दूरचित्रवाणीवर सामना दिला. मॉर्गेंथाऊ शांततावादी नव्हते. राष्ट्रहित आणि सत्ता यांच्या कोरड्या हिशेबाचे ते पंडित, आणि त्या हिशेबातच हे युद्ध बसत नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

बर्कलेने मात्र सभ्यतेची वाट धरली नाही. २१ आणि २२ मेला तिथं ‘व्हिएतनाम डे’ साजरा झाला, दीड दिवस सलग. आयोजकांत चळवळीतले कार्यकर्ते जेरी रुबिन होते आणि पुढच्याच वर्षी गणितातलं फील्ड्स पदक मिळवणारे स्टीफन स्मेल होते. बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे अमेरिकेतल्या घराघरांत ठाऊक असलेले डॉक्टर बेंजामिन स्पॉक बोलले, कादंबरीकार नॉर्मन मेलर बोलले, फिल ऑक्स गायला. बर्ट्रंड रसेल यांचं ध्वनिमुद्रित भाषण ऐकवलं गेलं. येऊन-जाऊन लोक दहा हजारांच्या पुढे गेले. काही अंदाज तीस हजारांचे आहेत. परराष्ट्र खात्याने निमंत्रण नाकारलं, तेव्हा व्यासपीठावर एक रिकामी खुर्ची ठेवली गेली आणि तिच्या पाठीला खात्याच्या नावाचा कागद चिकटवला गेला. स्कॅलापिनो यांनीही यायचं नाकारलं. ही चर्चा नसून थट्टा आहे, असं त्यांचं मत पडलं. शेवटी जॉन्सनचा पुतळा जाळला गेला. एंजल हॉलमधली वर्गाची शिस्त आणि बर्कलेची जत्रा यांत फक्त दोन महिन्यांचं अंतर आहे, आणि गर्दी जशी वाढत गेली तसे प्रश्न विचारणारे कमी आणि टाळ्या वाजवणारे जास्त झाले, हे मान्य करायला हवं.

ॲन आर्बरलाही वर्गाबाहेरचा रस्ता धरावा लागला. १५ ऑक्टोबर १९६५ रोजी तिथल्या लष्करभरतीच्या कार्यालयात काही विद्यार्थी आणि शिक्षक ठाण मांडून बसले. ३९ जणांना अटक झाली. शिक्षा म्हणून त्यांतल्या काही विद्यार्थ्यांची भरतीतली सवलतच काढून घेतली गेली. ज्या युद्धाला विरोध केला, त्यातच पाठवण्याची ही धमकी होती. सालिन्स त्याच वर्षी स्वतः व्हिएतनामला जाऊन आले आणि तिथल्या अमेरिकी माणसांच्या सदसद्विवेकाचं काय झालं, यावर त्यांनी जळजळीत लेख लिहिला.

टीच-इन हा शब्द एव्हाना समुद्रापार गेला होता. १६ जून १९६५ला ऑक्सफर्डमध्ये ते झालं. तिथं ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री मायकेल स्टुअर्ट खुद्द हजर राहून अमेरिकेची बाजू लढवून गेले आणि बीबीसीने ते प्रसारित केलं. वॉशिंग्टनला जे जमलं नाही ते लंडनला जमलं. पन्नास वर्षांनंतर हाच साचा भारतात दिसला. फेब्रुवारी २०१६मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थ्यांना अटक झाल्यानंतर शिक्षकांनी प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांजवळ, उघड्यावर, राष्ट्रवादावर रोज संध्याकाळी व्याख्यानं ठेवली. पुणे विद्यापीठात शिकवून दिल्लीला गेलेले महाराष्ट्राचे राजकीय विचारवंत गोपाळ गुरू तिथं बोलले. मुलं जमिनीवर बसून ऐकत होती. व्याख्यानं आंतरजालावर गेली आणि मग त्यांचं पुस्तकही निघालं. तिथंही पहिला आक्षेप तोच होता : हे शिकवणं की राजकारण?

मूळ गावी या प्रकाराला आणखी एक जन्म मिळाला. जानेवारी १९६९मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या समुद्रात तेलविहीर फुटून किनारे काळे झाले. विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन ते पाहून आले आणि त्यांच्या मनात आलं की, युद्धावर टीच-इन होतात तशी पर्यावरणावर का होऊ नयेत? देशभरासाठी त्यांनी २२ एप्रिल १९७० ही तारीख नक्की केली. वसंताची सुट्टी आणि परीक्षा यांच्या मधली, मुलं महाविद्यालयात सापडतील अशी ही तारीख. लेनिनची जन्मशताब्दी नेमकी त्याच दिवशी येत असल्यामुळे काही जणांना यात कम्युनिस्टांचा हात दिसला. तो दिवस म्हणजे पहिला वसुंधरा दिन. त्यात दोन कोटी लोकांनी भाग घेतला असं मानतात.

मिशिगनची सत्रं लवकर संपत, म्हणून ॲन आर्बरला एप्रिलपर्यंत थांबणं सोयीचं नव्हतं. तिथल्या विद्यार्थ्यांनी आपलं पर्यावरणाचं टीच-इन ११ ते १४ मार्च १९७० या चार दिवसांत आधीच उरकलं. राज्याचे गव्हर्नर विल्यम मिलिकन या वेळी निषेध करायला नव्हे, तर भाषण करायला आले. ग्राहकहक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर आले, जीवशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर आले, गॉर्डन लाइटफूट गायला. चार दिवसांत मिळून सुमारे पन्नास हजार माणसं जमली. डायगवर विद्यार्थ्यांनी १९५९ सालच्या एका फोर्ड मोटारीवर खटला भरला, आणि तोही डेट्रॉइटपासून तासाभराच्या अंतरावर, जिथली कित्येक घरं मोटारींच्या धंद्यावर जगत होती. हवा नासवल्याचा आरोप सिद्ध झाला, शिक्षा सुनावली गेली आणि हातोड्यांनी ती अंमलात आली.

वसतिगृहांच्या दारावरचं मुलींसाठीचं घड्याळ एव्हाना निघून गेलं होतं. त्या चार दिवसांत रात्री बाहेर राहण्यासाठी कुणालाच परवानगी काढावी लागली नाही.